साहेबांचं वाय-फाय

घरात ज्या ज्या वस्तूला वायर होती ती ती साहेबाच्या अखत्यारीत येत असे. साहेब म्हणजे घरातल्या सुनेचा धाकटा दीर. ऑफिसात त्याच्या हाताखाली एकही माणूस नव्हता, पण लहानपणी कधीतरी आईने लाडाने साहेब म्हटलं आणि त्याने ते इतकं मनावर घेतलं की पुढे सगळेच तसं म्हणू लागले. प्रिंटर विकणाऱ्या एका कंपनीत तो विक्रेता होता. गिऱ्हाइकाच्या टेबलावर प्रिंटर ठेवायचा, त्यातून एक रंगीत कागद काढायचा आणि त्या कागदाकडे आपणच कौतुकाने बघत बसायचं, एवढं त्याचं शास्त्र. घरी मात्र त्याचं बोलणं ऐकून वाटावं, जगातल्या सगळ्या तारा याच्याच खिशातून निघाल्यात. तोंडावर ती त्याला ‘भाऊजी’ आणि ‘तुम्ही’ म्हणायची. मनात सरळ अरेतुरे चालायचं, आणि हल्ली त्यात असेही काही शब्द येऊ लागले होते जे तिने उभ्या जन्मात तोंडाने उच्चारले नव्हते.

उच्चार हा तर तिचा धंदाच होता. पक्षाघाताचा झटका येऊन वाचा गेलेल्या माणसांना ती पुन्हा बोलायला शिकवायची. आधी हॉस्पिटलात शिकवायची, आता घरून, लॅपटॉपवर. मागच्या खोलीत टेबल, टेबलावर चित्रांचे पत्ते: किल्ली, कात्री, छत्री, पातेलं. पडद्यावर समोर एक माणूस. त्याला किल्लीचं चित्र दाखवायचं आणि गप्प बसायचं. किल्ली म्हणजे काय हे त्याला पक्कं ठाऊक असतं, शब्द तेवढा हाताला लागत नसतो. अशा वेळी घाई करायची नाही, शब्द आपण पुरवायचा नाही, थांबायचं. कुठलं थांबणं शोधण्याचं आणि कुठलं थकल्याचं, हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. इतक्या वर्षांत तीच तिची खरी कमाई होती.

आणि नेमका तिथेच त्या वाय-फायने घात केला.

सगळ्यात जास्त फटका बसला तो तिच्या एका पेशंटला, औषधवाल्यांना. या गृहस्थांचं आयुष्य औषधांच्या दुकानात गेलेलं. डॉक्टरांनाही वाचताना अडखळायला होईल अशी नावं ते गिऱ्हाइकाकडे न बघता घडाघडा म्हणायचे. झटक्यानंतर ‘पाणी’ म्हणताना त्यांना घाम फुटायचा. पण माणूस चिवट. बायको शेजारी बसायची आणि ते एकेक शब्द जड बादली ओढावी तसा वर काढायचे. हळूहळू छोटी वाक्यंसुद्धा येऊ लागली होती. मग पडदा गोठायला लागला. ते ‘कि’ म्हणायचे आणि तोंड तसंच उघडं राहायचं. ती आपली शिकल्याप्रमाणे थांबायची. मग एकदम आवाज यायचा तो पुढच्याच कुठल्या शब्दाचा, मधलं सगळं हवेत विरलेलं.

“पुन्हा म्हणा हं,” ती म्हणायची.

ते पुन्हा म्हणायचे.

“अजून एकदा, जरा सावकाश.”

ते जरा सावकाश म्हणायचे. त्यांचा चेहरा पडलेला तिला दिसायचा, पण तो कशाने पडला हे कळेपर्यंत तोही चौकोनाचौकोनांत फुटून जायचा.

तिने दिराला सांगितलं. तो सोफ्यावर आडवा होऊन फोन बघत होता.

“भाऊजी, मागच्या खोलीत नेट सारखं तुटतंय.”

“कशावर?”

“लॅपटॉपवर. फोनवरही, पण फोनचं जरा वेगळं आहे. त्यावर—”

“म्हणजे लॅपटॉप.”

“नाही, फोनवरसुद्धा—”

“वहिनी, लॅपटॉप जुना झालाय तुमचा,” साहेब म्हणाला आणि त्याने कूस बदलली. निदान झालं. रोगी तपासायची गरज त्याला कधीच पडत नसे.

त्याची उपचारपद्धती एकच. राउटर बंद करायचा आणि चालू करायचा. पण ते करताना तो असा काही आव आणायचा की घरातल्या लोकांनी श्वास रोखून धरावा. राउटर त्याच्या खोलीत होता, आणि खोलीतही माशांच्या भल्यामोठ्या काचेच्या पेटीमागे, कारण दिवे लुकलुकणारा काळा डबा खोलीला शोभत नाही असं साहेबाचं मत. त्या डब्याला साऱ्या घरात नेट पोचवायचं होतं, तेही पेटीभर पाणी आणि दोन जाड भिंती ओलांडून. पण शोभा महत्त्वाची.

बाहेरच्या खोलीतला टीव्ही साहेबाच्या भिंतीला लागूनच असल्याने झक्क चालायचा. त्यामुळे तिने तक्रार केली की तो टीव्हीकडे बोट दाखवायचा. “येतंय ना त्याच्यावर? मग नेट आहे.” सासूबाईंचा टॅब बाहेर बसलं की चालायचा आणि मागच्या गॅलरीत नेला की थांबायचा. त्या विणकामाचे व्हिडिओ बघत. पडदा थांबला की त्यांना वाटायचं, ती बाईच टाके मोजायला थांबली आहे. बिचाऱ्या सुया मांडीवर ठेवून तिचं मोजून होण्याची वाट बघत बसायच्या.

शेवटी एकदा साहेबाने रेंज वाढवणारा रिपीटर आणला. खोक्यातून काढला तो जणू स्वतः घडवलेला असावा अशा थाटात, आणि मागच्या खोलीत, तिच्या टेबलाजवळच्याच प्लगमध्ये खोचला. फोनच्या कोपऱ्यातल्या रेघा तळापासून टोकापर्यंत भरल्या.

“फुल्ल रेंज!” साहेब म्हणाला.

रेंज फुल्ल होती आणि फोनवर काही म्हणजे काही उघडत नव्हतं. तिने तसं दाखवलं.

“रेघा भरल्यात की नाही? मग याच्यापुढे मी काय करणार? तुमचं वापरणंच चुकतंय, वहिनी. एका वेळी किती काय काय उघडून बसता!”

“आणि लॅपटॉपवर मध्येच हा एक मजकूर येतो खाली कोपऱ्यात, तो जरा वाचता का?”

“तो सगळ्यांनाच येतो. फुली मारायची.”

नवऱ्याला सांगून बघितलं. “तो बघतोय ना? त्याला त्यातलं कळतं,” नवरा म्हणाला. त्याचा स्वभाव फार शांत, असं सगळे नातेवाईक म्हणत. शांत आणि आळशी यांत लोक फरकच करत नाहीत, असं तिला अलीकडे वाटू लागलं होतं.

एकदा जेवताना साहेब फार खुशीत होता. कोणा गिऱ्हाइकाच्या गळ्यात प्रिंटर मारून आला होता. भाजी वाढून घेता घेता म्हणाला, “वहिनींचं बरं आहे. पेशंट बोलायला लागला तर श्रेय यांचं, नाही लागला तर दोष वाय-फायचा.”

सासूबाई हसल्या. त्यांचं ठीक होतं, साहेबाच्या शिंकेलाही त्या हसत. पण नवराही हसला. मोठ्याने नव्हे, नाकातल्या नाकात. तो हसण्याचा आवाज तिच्या जेवणात खड्यासारखा आला. उठून तिने ताट विसळलं आणि मागच्या खोलीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधवाल्यांच्या बायकोचा फोन आला.

“मॅडम, ते आता बसायचं नाही म्हणतात.”

“का हो? काय झालं?”

“त्यांना वाटतंय, उलटंच चाललंय सगळं. आधी जे शब्द तुम्हाला कळायचे तेसुद्धा आता कळत नाहीत म्हणून. काल आरशासमोर बसून ‘किल्ली, किल्ली’ म्हणत होते. चांगलं म्हणत होते हो, मला तरी स्वच्छ ऐकू आलं. तसं मी म्हटलं, तर माझ्यावरच हात झटकला. मॅडम पुन्हा म्हणा म्हणतात म्हणजे चुकतच असणार, असं त्यांचं. आणि मग झाकणच लावलं लॅपटॉपचं.”

तिने फोन ठेवला. माणूस बरोबर बोलत होता आणि ती त्याला चूक ठरवत होती. एकदा नाही, रोज. तिला साहेबाचा राग आला, नवऱ्याचा आला, आणि त्या फुली मारायच्या सल्ल्यावर मुकाट्याने फुली मारत राहिलेल्या आपल्या बोटाचाही आला.

दोघे भाऊ कामावर गेलेले होते. ती सरळ साहेबाच्या खोलीत शिरली. त्या खोलीत विचारल्याशिवाय कोणी जात नसे, जणू आत खलबतं चालायची. आत होते न धुतलेले मोजे, माशांच्या खाण्याचा डबा आणि पेटीमागे धूळ खात पडलेला राउटर. तिने पेटीपाशी उभं राहून फोन उघडला. सुसाट. लॅपटॉप आणून तिथेच मांडीवर ठेवला. तोही सुसाट, आणि थोड्या वेळाने ठप्प. राउटर हाताच्या अंतरावर, फोन धावतोय आणि लॅपटॉप मेलाय.

म्हणजे दोघांचे आजार निराळे होते. हे ती पहिल्या दिवसापासून सांगत होती. साहेबाने दोन रोग्यांना एकच औषध दिलं होतं, आणि तेसुद्धा नुसती फुंकर.

आधी फोनचं बघू, असं म्हणून तिने मागच्या खोलीतला रिपीटर उपटला. फोनच्या रेघा धाडकन खाली आल्या, पण पान उघडलं. रखडत का होईना, उघडलं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. रिपीटरचं काम काय, तर आपल्यापर्यंत आलेलं पुढे पोचवणं. त्याला बसवलं होतं अशा जागी जिथे मुळात काही येतच नव्हतं. ज्याला स्वतःला ऐकू येत नाही त्याला निरोप्या नेमला होता. रेघा दिसत होत्या त्या निरोप्याच्या जवळ असण्याच्या, निरोपाच्या नव्हेत. तिने तो घरातल्या बोळात, दोन्ही खोल्यांच्या मध्यावर लावला. फोन नीट चालू लागला. गॅलरीत सासूबाईंचा टॅबही चालू लागला.

“अगं, मोजून झालं वाटतं तिचं,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी सुया उचलल्या.

लॅपटॉप मात्र अडून बसला होता. कोपऱ्यात तोच मजकूर आला. या खेपेला तिने फुली मारली नाही, वाचला. याच नेटवर्कवर दुसऱ्या एका उपकरणाला हाच पत्ता दिलेला आहे, असा त्याचा अर्थ होता. हे तिला समजायला इंजिनिअर व्हायची गरज नव्हती. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो, घराला नंबर असावा तसा. दोन दारांवर एकच नंबर लागला की पोस्टमन आज या दारात, उद्या त्या दारात. औषधवाल्यांचे शब्द तिच्या घरापर्यंत येत होते आणि भलत्याच दाराशी जात होते.

कुठल्या दाराशी? तिने एकेक वस्तू बंद करायला सुरुवात केली. टीव्ही बंद केला, काही फरक नाही. टॅब, सासूबाईंच्या नाराजीसकट, बंद केला. फरक नाही. स्वतःचा फोनही बंद केला. माशांचा पंपसुद्धा क्षणभर बंद करून पाहिला, कारण साहेबाच्या कुठल्याच वस्तूवर आता तिचा भरवसा उरला नव्हता. मग साहेबाच्या टेबलाखाली काहीतरी घुर्रर्र झालं. साहेबाने कंपनीतून आणलेला, गिऱ्हाइकांना दाखवायचा प्रिंटर. दिवा हिरवा. आपणहून जागा होत होता, पुन्हा झोपत होता. तिने प्लग खेचला.

लॅपटॉप धावू लागला.

तिचा विश्वास बसेना. तिने टॅब पुन्हा चालू करून सासूबाईंच्या हातात दिला, लॅपटॉपवरून त्यांना कॉल लावला आणि साहेबाच्या खोलीतून म्हणाली, “आई, बोला काहीतरी.”

“काय बोलू?”

“काहीही.”

सासूबाई स्वेटरच्या गळ्याबद्दल बोलू लागल्या. त्या बोलत असतानाच तिने प्रिंटर चालू केला. थोड्याच वेळात सासूबाई पडद्यावर तोंड उघडं ठेवून गोठल्या. प्लग काढला, त्या सुटल्या, आणि तोवर बोलणं गळ्यावरून काखेपर्यंत येऊन पोचलं होतं. पुन्हा लावला, पुन्हा गोठल्या. प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर त्याचा नंबर लिहिलेला होता आणि लॅपटॉपवर लॅपटॉपचा. शेवटच्या आकड्यापर्यंत एक. फोनवरून कागद कसा छापता येतो हे मध्यंतरी घरी आलेल्या पाहुण्यांना दाखवण्यासाठी साहेबाने तो नंबर प्रिंटरला आपल्या हाताने देऊन ठेवला होता. तिच्या लॅपटॉपचं बिघडलं ते त्या पाहुण्यांनंतरच.

“झालं का गं?” सासूबाईंनी विचारलं. “आणि साहेबाच्या वस्तूंना हात लावलास ते त्याला विचारलंस का?”

साहेब संध्याकाळी आला आणि पाच मिनिटांत खोलीतून बाहेर.

“माझ्या प्रिंटरचा प्लग कोणी काढला?”

“मी,” ती म्हणाली आणि सगळं सांगितलं. दोन्ही नंबर कागदावर उतरवून ठेवले होते, ते समोर धरले.

साहेबाने कागद पाहिलाच नाही. “असं होत नाही.”

“होतंय. लावून दाखवू?”

“प्रिंटरला नंबर फिक्सच द्यावा लागतो, वहिनी. मुद्दाम दिला होता.”

“द्या ना. पण मग राउटरला सांगून ठेवायचं असतं, की हा नंबर दुसऱ्या कोणाला देऊ नकोस.”

“ते राउटरने समजून घ्यायला पाहिजे,” साहेब म्हणाला.

माणूस चुकतो, लपवतो, चिडतो, हे सगळं तिने पाहिलं होतं. पण डब्याने आपल्या मनातलं ओळखावं अशी अपेक्षा करणारा, आणि ते इतक्या गंभीर तोंडाने सांगणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला. तिने औषधवाल्यांची गोष्ट सांगितली. आरशासमोर बसून ‘किल्ली’ म्हणणाऱ्या माणसाची.

“आता तुमच्या पेशंटचं मला कशाला?” साहेब म्हणाला. “मी काय त्यांचा डॉक्टर आहे?”

“जाऊ दे ना आता,” नवरा म्हणाला. “चाललं ना शेवटी? मग झालं तर.”

“त्याने बिचाऱ्याने रिपीटर आणला होता,” सासूबाई म्हणाल्या.

साहेबाचा तिला आता राग येईना. खोट्या नाण्यावर कोण किती रागावणार? ती बघत होती नवऱ्याकडे. तो रिमोट शोधत होता. कुशन उचलून खाली बघत होता, पुन्हा ठेवत होता. हा माणूस काल नाकात हसला होता आणि आज त्याला आठवतही नव्हतं.

सकाळी ती औषधवाल्यांकडे गेली. दुकानाच्या वरच त्यांचं घर. ते खिडकीशी खुर्चीत बसले होते. तिला बघून त्यांनी तोंड फिरवलं.

“तुमचं काही बिघडलेलं नाही,” ती त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसत म्हणाली. “तुमचे शब्द बरोबर येत होते. माझ्या घरी पोचल्यावर तुटत होते, आमच्या वाय-फायमध्ये. मला ऐकू येत नव्हतं म्हणून मी पुन्हा म्हणा म्हणत होते. ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं. चुकले.”

त्यांनी हळूहळू मान वळवली. बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिले, डॉक्टरांची एखादी चिठ्ठी खरी की खोटी पारखावी तसे. मग ओठ हलले.

“को... णी?”

“कोणी केलं म्हणता? माझ्या दिराने. त्यानेच ते घोळ घालून ठेवले होते, आणि कबूलही करत नाही.”

ते विचार करू लागले. शब्द शोधत होते, हे तिला स्पष्ट दिसलं. जबडा ताणला गेला, डावा हात गुडघ्यावर दाबला गेला. बायको काहीतरी सुचवायला पुढे झाली, तिला तिने हाताने थांबवलं. खाली दुकानाचं शटर वर गेलं, कोणीतरी खोकल्याचं औषध मागितलं, आणि तेवढ्यात ते म्हणाले,

“गाढव.”

“अहो!” बायको ओरडली.

“उच्चार अगदी बरोबर आहे,” ती म्हणाली. “‘ढ’ तर फारच सुरेख.”

औषधवाले हसले. अर्धा चेहराच हसला, दुसरा अर्धा अजून ऐकत नव्हता. मग त्यांनी बायकोकडे बघून, एकेक अक्षर जपून ठेवत, “लॅप... टॉप... आण,” असं म्हटलं.

पुढच्या आठवड्यात तिने मागच्या खोलीत स्वतंत्र कनेक्शन घेतलं. माणूस जोडायला आला तेव्हा साहेब कमरेवर हात ठेवून त्याला सूचना देत होता. त्याने एकही ऐकली नाही. नवा राउटर उघड्या फळीवर बसला, पासवर्ड तिने स्वतः घातला आणि कोणाला सांगितला नाही. नंतर नातेवाइकांत साहेब सांगायचा की वहिनींच्या कामासाठी आपणच वेगळी लाइन टाकून दिली. लोक माना डोलवायचे, नवराही डोलवायचा. ती आपल्या कामाला लागायची. साहेबाला खोटं पाडायचं म्हणजे आधी त्याला मोजायला हवं, आणि तेवढी तसदी घ्यायची तिची इच्छा नव्हती.

एका सुट्टीच्या दुपारी नवरा मागच्या खोलीच्या दारात आला. हातात फोन. बाहेर मॅच ऐन रंगात आली होती आणि साहेबांचं नेट गेलं होतं. साहेब माशांच्या पेटीमागे डोकं घालून बसले होते.

“तुझा पासवर्ड दे ना जरा.”

तिने न वळता हात वर केला. पडद्यावर औषधवाले होते. तिने त्यांना पावसात दुकान बंद करणाऱ्या माणसाचं चित्र दाखवलं होतं आणि पूर्ण वाक्य मागितलं होतं. त्यांना पहिला शब्द सापडला होता, दुसरा सापडत नव्हता. खोलीत काहीच हलत नव्हतं. नवरा या पायावरून त्या पायावर झाला.

“अडकलंय का गं?” तो कुजबुजला. “तुझंही गेलं?”

“नाही. ते शोधताहेत.”

“एवढा वेळ? एका शब्दाला?”

“लागतो तेवढा.”

बाहेर टीव्हीवरचा गलका मध्येच तुटला, साहेबाने कोणावर तरी आवाज चढवला. नवऱ्याने त्या दिशेने बघितलं, मग पुन्हा तिच्या पाठीकडे बघितलं. अजून आशेने फोन पुढे धरून तो उभाच होता.

“जाताना दार लावून घे,” ती म्हणाली.